मैनाआत्यासाठी सहा शेवंडी

तीन वेळा पुढे ढकललेलं तिकीट यंदा नोव्हेंबरच्या शेवटी मी एकदाचं काढलं. रत्नागिरीहून मुंबई, मुंबईहून गोंदियाकडे जाणारी संध्याकाळची गाडी, दुसऱ्या दिवशी सकाळी भंडारा रोड स्टेशन आणि तिथून पुढे लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी. तिथे माझी मैनाआत्या राहायची.

नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे, मी घरून मासळीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. माझी आई रत्नागिरीची आणि बाबा दिघोरीच्या धीवरांच्या घरातले. नोकरीसाठी समुद्राकाठी आले आणि इथलेच झाले. मैनाआत्या त्यांची मोठी बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला, ती लहानग्या मुलाला घेऊन माहेरी परत आली आणि पुढची चाळीसेक वर्षं तिने गावच्या तलावात मासळी धरली आणि विकली. तो मुलगा म्हणजे आमचा रमेशदादा.

बाबा सुट्टीत गावी गेले की बढाया मारायचे. समुद्रातला झिंगा हातभर लांब असतो, असं त्यांनी एकदा आत्याला सांगितलं. त्यांना म्हणायची होती शेवंड, म्हणजे लॉब्स्टर. जन्मभर तलावातलेच छोटे झिंगे पाहिलेल्या आत्याला ते मुळीच पटलं नाही. बाबा गेल्यावरही ती मला फोनवर ऐकवायची, "तुहा बाप लबाड होता वं. हातभर झिंगा कोठं रायते का? आणून दाखव मले, मंग मानीन."

मी म्हणायची, आणते. मग लग्नसराईच्या ऑर्डरी यायच्या, कधी मुलीची परीक्षा असायची, कधी पावसामुळे बंदरावर शेवंडच यायची नाही. असं करता करता तीन वर्षं गेली. दसऱ्यानंतर दादाचा फोन आला की आई जेवण कमी करून राहिली, डॉक्टर म्हणतात वय झालं. मी दिवाळीनंतर लगेच निघायचं ठरवलं. त्यात एका साखरपुड्याची मोठी ऑर्डर आली आणि निघणं दहा दिवस लांबलं. हे दहा दिवस ध्यानात ठेवा. मी तर विसरणार नाहीच.

आता ज्यांना शेवंड एवढ्या लांब न्यायची असेल त्यांच्यासाठी. ताजी शेवंड बर्फात घालून नेऊ नका. मेली की तिचं मांस लवकर भुसभुशीत होतं. मी बंदरावरून सहा जिवंत शेवंडी आणल्या, मिठाच्या उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटं ठेवल्या, लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवल्या आणि दोन दिवस फ्रीझरमध्ये दगडासारख्या होऊ दिल्या. मग एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात, मध्ये बर्फाच्या पिशव्या आणि बाहेरून चिकटपट्टीचे चार वेढे. आमसुलं, घरचा मसाला आणि दोन नारळ वेगळ्या पिशवीत. मुंबईला गाडी बदलताना बर्फ बदलला. गाडीत समोरच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला खरा, पण वास माझ्या मसाल्याचा होता. खोकं काही बोललं नाही.

सकाळी वर्धा मागे पडलं, मी चहा घेत होते, तेव्हा दादाचा फोन आला.

"ज्योती, कोठवर आली?"

"वर्धा गेलं. का रे?"

तो म्हणाला, "आई गेली. पहाटेच. तू ये. तुह्यासाठी थांबून राहिलो आम्ही."

चहा तसाच हातात राहिला. समोरच्या बाईंनी काय झालं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रुमाल पर्समध्ये ठेवला, माझ्या हातातला कप काढून घेतला आणि नागपूरपर्यंत माझा हात धरून बसल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, भंडारा शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. एरवी इथून शेअर ऑटोने शहराच्या बसस्थानकावर जायचं आणि तिथून एसटी धरायची, तेच स्वस्त पडतं. त्या दिवशी मी सरळ दिघोरीपर्यंत गाडी केली. भंडाऱ्याच्या बाजारात पितळेची दुकानं उघडत होती, दारात रचलेल्या गुंडांवर, म्हणजे पितळी घागरींवर, ऊन चमकत होतं. एका दुकानातून आत्याने माझ्या लग्नात पितळी गंज, म्हणजे पातेलं, घेऊन दिला होता. पुढे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. अर्ध्या कापून झालेल्या, अर्ध्या पिवळ्या. एके ठिकाणी ड्रायव्हरने विचारलं, "म्याडम, पाणी प्याचं का? थांबू का?" मी म्हटलं, नको, चला.

दुपारी पोचले. अंगणात माणसं बसली होती, मध्ये आत्या. मी खोकं घेऊनच तिच्यापर्यंत गेले, कारण ते कुठे ठेवावं हे मला सुचलंच नाही. सुनंदावहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, ते माझ्या हातातून घेतलं. आत्याचं तोंड एवढंसं झालं होतं. नवं लुगडं नेसवलं होतं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं तर पाय त्या खोक्याइतकेच गार होते. हे लिहू की नको, असा फार विचार केला. पण तसंच होतं.

तासाभरात नेलं. तलावाच्या पलीकडच्या काठावर दहन झालं. बायका अर्ध्या वाटेवरून परतल्या.

शेजारच्या घरून पिठलं-भात आला. दोन घास खाल्ल्यावर वहिनीला आठवण झाली. "ताई, त्या डब्यात काय हाय?"

मी सांगितलं.

वहिनी भिंतीला टेकली. "चार रोजापासून साऱ्याइले सांगत होती. माही भाची झिंगा घेऊन येऊन राहिली म्हणे. काल दुपारी मले म्हंते, सुनंदा, पाटा धुऊन ठेव. मी नाही खाल्ला तरी पाहीन तं."

दादा उंबऱ्यावर बसला होता. तो उठून अंगणात गेला.

मी म्हटलं, कुणाला तरी देऊन टाकू. दुखवट्याच्या घरात दहा दिवस मासळी शिजणार नव्हती. वहिनी नाही म्हणाली. त्यांच्या घरी दहाव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं शिजवून पान ठेवतात, आणि ज्या घराने सारा जन्म मासळीवर काढला तिथे त्या पानात मासळीच असते. "दहाव्याले रांधू," वहिनी म्हणाली. "तिच्याच नावानं आणलं, तिच्याच पानात जाईन."

पण तोवर ठेवायचं कुठे? घरातला फ्रीज लहान, त्याच्या वरच्या कप्प्यात एक शेवंडही मावली नसती. गावात मोठा फ्रीझर एकच, बसथांब्याजवळच्या आइसक्रीम-कोल्ड्रिंकच्या दुकानात. दुकानदार माळकरी, मासळीला न शिवणारा. मी आणि दादा खोकं घेऊन गेलो. मला ओशाळं वाटत होतं.

दादाने सगळं सांगितलं. दुकानदाराने खोक्याकडे पाहिलं, गळ्यातली माळ चाचपली, आणि म्हणाला, "मले चालत नाही, हे तुले मालूम हाय रमेश."

"हाव, मालूम हाय," दादा म्हणाला आणि वळला.

"थांब गा." दुकानदाराने फ्रीझरचं झाकण उघडलं आणि कुल्फ्या एका बाजूला सारल्या. "उन्हाळ्यात बाई मच्छी विकून आली का येथंच बसे. फ्रीझरवर हात ठेवून. काही घे ना घे, पण बसे. मी म्हणो, काकू, झाकण गरम होते. हासे नुसती." तो प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या काढायला लागला. "तीन पिशव्याइत बांधा. वास नाही आला पायजे. अन् पैशाची गोष्ट काढू नका."

मी तीन दिवसांसाठी आले होते. घरी फोन करून नवऱ्याला सांगितलं, दहाव्यापर्यंत राहते. ठरलेल्या ऑर्डरी रद्द केल्या. मला वाटलं होतं फार अवघड जाईल. दहा मिनिटांत सगळं झालं. फोन ठेवल्यावर तिथेच बसून रडले, कारण हे दहा मिनिटांचं काम मी तीन वर्षांत केलं नव्हतं.

त्या दिवसांत दिघोरीला पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर तलाव. सकाळी त्यावर धुकं असतं, पाणी आणि बांध वेगळे ओळखू येत नाहीत. मळणी सुरू होती, यंत्राचा आवाज दिवसभर यायचा आणि कपड्यांवर धानाचं भुस्कट बसायचं. राहायला लॉज नाही. ओळखीचं घर असेल तरच जा, नाहीतर भंडाऱ्याला मुक्काम करून एसटीने येऊन जा. थंडी कोकणातल्यांना सोसणारी नाही, शाल दोन न्या.

चौथ्या दिवशी कौसाबाई मला तलावावर घेऊन गेली. कौसाबाई म्हणजे आत्याची जोडीदारीण, सत्तरीची, जाळ्याचं एक टोक आत्याच्या हातात असायचं आणि दुसरं हिच्या. आता तिने जाळं टाकणं सोडलं आहे. आम्ही बांधावर बसलो. तिने मला झिंगे कुठे सापडायचे ते दाखवलं. काठच्या गवताच्या मुळाशी हात घालून दोघी चाचपायच्या. आता मिळतात ते बोटाएवढे, तेही कधीतरी.

मला एक गोष्ट तीन दिवसांपासून छळत होती. मी म्हटलं, "कौसाबाई, आत्याला झिंगा नको असेल हो. मी यावं म्हणून ती तसं म्हणत असेल ना?"

मला वाटलं ती हो म्हणेल. म्हणजे मी हवी होते आणि मी आले नाही, एवढा एकच गुन्हा उरेल आणि त्याच्यासाठी मला नीट रडता येईल.

कौसाबाईने मान हलवली. "नाही वं पोरी. तिले झिंगाच पायजे होता. तुही याद तं ये तिले, ते निराळं. पण झिंग्याची तिले लय हौस. आम्ही दोघी गयाभर पाण्यात रावो तं हेच बोलो. केवढा असंल, कसा धरत असतीन, त्याले डेंग्या रायते का नाही. साऱ्या जन्मात तिनं काही मांगलं नाही कोणाले. हे एक मांगलं."

ती मला दुखवायला बोलत नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं. मग तिनेच विचारलं, "रायते का मंग डेंग्या?"

"नाही. शेवंडीला खेकड्यासारख्या डेंग्या नसतात. मिशा असतात, लांब. आणि पाठीवर काटे."

"आता म्हायती झालं," ती म्हणाली आणि पाण्याकडे पाहत बसली.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानातून पिशव्या आणल्या. उजाडायला वहिनीने चूल पेटवली. सहांपैकी तीन माझ्या पद्धतीने आणि तीन तिच्या पद्धतीने करायच्या ठरल्या होत्या.

माझी पद्धत साधी. शेवंड पालथी धरून कोयत्याने उभ्या दोन फाका करायच्या, पाठीतला काळा धागा काढायचा. मांसाला हळद, मीठ, आमसुलाचं पाणी. ओलं खोबरं, लाल मिरची, धणे आणि आलं-लसूण पाट्यावर बारीक वाटून, कांद्यावर परतून, त्यात कवचासकट फाका सोडायच्या. शेवंड आधी उकडलेली आहे, त्यामुळे सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त शिजवू नका, नाहीतर रबर होते. मी कोथिंबीर मागितली तर वहिनीने विचारलं, "म्हंजे सांबार?" मला वाटलं ती इडलीबरोबरचं सांबार म्हणते आहे. तिकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं.

वहिनीने कांदा चुलीत अख्खा भाजला, सुकं खोबरं, खसखस आणि तिखट मिरची घेऊन काळपट वाटण केलं, आणि तलावातल्या मरळीला घालतात तशी चिरलेली अंबाडीची पानं रश्शात टाकली. मी मनात म्हटलं, अंबाडीच्या आंबटपणाने शेवंडीचा गोडवा मरेल. मेला नाही. घरी करणार असाल तर मूठभरच घाला आणि शेवंड टाकण्याआधी पानं पूर्ण गळू द्या. डोकी आणि पाय आम्ही वेगळे उकळले आणि ते पाणी दोन्ही रश्शांत घातलं. चव तिथेच असते, ते फेकू नका.

सोबत नव्या धानाचा भात, लाखोरीच्या डाळीचे वडे, पोपटाच्या शेंगांची कोरडी भाजी, निखाऱ्यावर भाजलेल्या टमाट्याची चटणी आणि तव्यावरचे तांदळाचे आयते, म्हणजे आमच्या घावनांसारखेच. पोपट म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंगा, नावाने दचकू नका. लाखोरीचे वडे रश्शात बुडवून खायचे. आत्याला तसेच आवडायचे, असं वहिनी म्हणाली. मला ते ठाऊक नव्हतं.

माझ्या तीनपैकी एक शेवंड मी फोडली नव्हती. अख्खी ठेवली होती, मिशांसकट. पळसाच्या पत्रावळीवर भात, वडे, दोन्ही रस्से आणि मधोमध ती लालबुंद शेवंड. दादाने पान उचललं आणि तलावावर नेऊन ठेवलं. तलावाच्या काठावर सगळी भावकी जमली होती, पण आत्याच्या जोडीने मासळी विकणाऱ्या बायका पुढे आल्या. त्यांना पाहायचं होतं.

कौसाबाई पानाजवळ वाकली. आपला हात शेवंडीशेजारी लांब केला आणि मापलं. मिशा धरून कोपरापर्यंत आली, मिशा सोडून दीड वीत.

"हातभर नाही," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग तलावाकडे तोंड करून, जणू आत्या तिथे जाळ्याचं टोक धरून उभी आहे, म्हणाली, "मैने, तुहा भाऊ आधा लबाड निंघाला वं. पण हाय. खरंच हाय मोठा."

मग ती पदराने डोळे पुसायला लागली. वहिनीने तिला धरलं. दादा तोवर एकदाही रडला नव्हता, दहा दिवसांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तो पानाशेजारी मातीत बसला आणि "आई, पाह्य ना, आणला पाह्य," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पन्नाशीचा माणूस. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटतं त्या क्षणी त्याला माझा राग आला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं.

कावळा कधी आला, काय उचललं, मी पाहिलं नाही. मी बायकांबरोबर पाठमोरी उभी होते.

दुपारी सगळ्यांनी जेवून घेतलं. पाच शेवंडी आणि चाळीस माणसं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बोटाएवढा तुकडा आणि भातावर रस्सा. कौसाबाईने तिचा तुकडा फार वेळ चघळला. "गोड हाय," म्हणाली. "झिंग्यापरीस गोड." मग म्हणाली, "तिले आवडला असता." दादा सगळ्यांना वाढत होता. माझ्या पानात त्याने वडा वाढला, न मागता वरून रस्सा घातला आणि म्हणाला, "खाऊन घे ज्योती. गाडी हाय तुही उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने भंडारा, तिथून ऑटोने वरठी. एसटीची वाट पाहताना दादा सोबत उभा होता. बस आली तेव्हा तो एवढंच बोलला, "त्या दिवशी सकाळी अंघोळ घालताना सांगितलं मी तिले, ज्योती वर्ध्याच्या पुढे आली म्हणून." बसमध्ये चढल्यावर मला कळलं, तो फोननंतरचं सांगत होता. म्हणजे ती गेल्यानंतरचं.

रत्नागिरीला येऊन आता तीन आठवडे झाले. ऑर्डरी पुन्हा सुरू आहेत. वहिनीची अंबाडीची शेवंड मी एकदा करून पाहिली, पण इथे मिळाली ती अंबाडी जून होती, मजा आली नाही. मुलगी म्हणाली, छान झालीय. नवऱ्याने माझ्या ताटात तशीच उरलेली शेवंड पाहिली होती.

मागच्या रविवारी वहिनीचा फोन आला. तलावात दादाला थोडे झिंगे मिळाले, त्यांना माझं खोबऱ्याचं वाटण लावलं होतं, पण आमसुलं किती टाकायची ते तिला आठवत नव्हतं. मी सांगितलं. मग तिने विचारलं, "ताई, संक्रांतीले येसान का? घर खायाले उठते."

मी बोलता बोलताच दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडला आणि तिकीट काढलं. जानेवारीतल्या दोन ऑर्डरी त्याच दिवशी नाकारल्या. कुणालाही विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते. आत्या होती तेव्हा मला हे जमलं नाही आणि ती नसताना जमलं, हे मला कळतं, आणि तिकीट हातात असूनही त्याचा मला आनंद होत नाही.